दिवस-रात्रीचं कोरियन स्किनकेअर रुटीन मुंबईच्या हवेत करावं का? माझं मत: करावं, पण निम्म्याहून कमी

सायलीचा_वेल

माझं मत आधीच मांडते, मग हवं तसं खोडून काढा. दहा पायऱ्यांच्या कोरियन पद्धतीतून मुंबईकराने दोनच गोष्टी मनापासून उचलाव्यात: रात्री चेहरा नीट स्वच्छ करणं आणि दिवसा सनस्क्रीन न चुकवणं. बाकीच्या पायऱ्या गरज पडली तरच, एकेक करून.

कारण हवा. कोरियाच्या राजधानीत, सोलमध्ये, जानेवारीत पारा शून्याखाली जातो, घरात हीटिंग चालू असतं, त्वचा तडकते. तिथे टोनर, एसेन्स, सीरम, अँप्यूल, इमल्शन आणि वर क्रीम असे थर लागत असतील. कांदिवलीत जुलैमध्ये दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. त्या हवेत एवढे थर चढवले की चेहरा चिकचिकतो आणि फलाटावर पोचेपर्यंत अर्धं घामाबरोबर डोळ्यांत उतरतं.

माझं असं चालतं. सकाळी सौम्य जेल फेसवॉश, नायसिनामाइडचं (जीवनसत्त्व बी३चा एक प्रकार) हलकं सीरम, मग सनस्क्रीन. पावसाळ्यात वेगळं मॉइश्चरायझर नाही. रात्रीचं म्हणजे घरी आल्या-आल्या, झोपताना नव्हे. झोपेपर्यंत ठेवलं की राहून जातं. कोरड्या चेहऱ्यावर कोरड्या हातांनी क्लिन्झिंग ऑइल चोळायचं, मग ओला हात फिरवायचा, ते पांढरट होऊन सुटायला लागलं की धुवायचं आणि त्यावर तोच फेसवॉश. शेवटी जेल मॉइश्चरायझर. आठवड्यातून एखाद-दोन रात्री नाकाच्या बाजूंना रंध्रं मोकळी करणारं सॅलिसिलिक अ‍ॅसिड, आणि त्या रात्री दुसरं कुठलंही औषधी सीरम नाही.

मला या विषयाचं एवढं का पडलंय तेही सांगते. आपल्याकडे चेहऱ्याची काळजी म्हणजे गोरं होणं, हेच दोन पिढ्यांना शिकवलं गेलं. फेअर अँड लव्हली १९७५ साली बाजारात आली आणि नावातलं 'फेअर' जायला २०२० उजाडलं. त्वचा निरोगी ठेवायची, रंग आहे तो राहू दे, ही गोष्ट माझ्या वयाच्या कितीतरी मुलींनी पहिल्यांदा कोरियन रुटीनच्या निमित्ताने ऐकली.

परळचा_पिंपळ

शेवटच्या परिच्छेदाशी पूर्ण असहमत. कोरियन सौंदर्यउद्योग गोरेपणाच्या वेडातून सोडवतो, हे कुठून आणलंत? तिथल्या कायद्यात 'फंक्शनल कॉस्मेटिक्स' असा वेगळा वर्ग आहे आणि सुरकुत्या व ऊन यांच्या जोडीला त्वचा उजळवणारी उत्पादनंही त्यात मोडतात. तुमचं नायसिनामाइड उजळवण्याच्या यादीतलंच आहे, २ ते ५ टक्के. मालिकांमधली ती काचेसारखी त्वचा सावळी असलेली तुम्ही कधी पाहिली? जुनंच वेड नव्या बाटलीत आलंय, आणि सावळ्या मुलीला पुन्हा तेच सांगितलं जातंय की तू आहेस तशी पुरेशी नाहीस. मला याचा खरंच राग येतो.

दुसरं, पैसे. दहा पायऱ्यांची मांडणी जगभर पसरली ती २०१० नंतर अमेरिकेत कोरियन माल विकणाऱ्यांमुळे. खुद्द कोरियात नंतर 'स्किप-केअर' नावाने पायऱ्या कमी करायचा कल आला. आमच्या पुतणीचा पहिला पगार झाला आणि तिने हजार-बाराशेच्या पाच बाटल्या आणल्या. ती पोर पीजीच्या भाड्यात निम्मा पगार घालते. बावीस वर्षांच्या मुलीच्या त्वचेला दुरुस्तीची एवढी गरज आहे, हे तिच्या डोक्यात कोणी भरवलं?

निळी_शाई

मी दोघांशीही असहमत.

सायली, सोलचा जानेवारी सांगितलात, ऑगस्ट सोडलात. तिथेही जूनअखेर पावसाची झड सुरू होते आणि जुलै-ऑगस्ट चांगलेच दमट जातात. तेव्हा ती माणसं रुटीन बंद करत नाहीत, क्रीमच्या जागी जेल घेतात. पायऱ्या त्याच, जाडी बदलते. आणि मुंबईची हवा म्हणजे कुठली हवा? मी बीकेसीत काचेच्या इमारतीत सकाळपासून संध्याकाळपर्यंत एसीत बसते. माझे गाल ऑगस्टमध्येही ओढल्यासारखे होतात. पाण्यासारखे पातळ दोन-तीन थर आणि वर जेल, यानेच मला बरं वाटतं. एकच जाड क्रीम लावलं की कपाळावर पुटकुळ्या येतात.

पिंपळकाका, पैशांचं मान्य. पण रुटीनला फक्त बाजार म्हणू नका. आमच्या घरात दोन खोल्यांत सहा माणसं आहेत. दार लावून बसता येईल अशी जागा नाही. रात्री सगळे निजल्यावर आरशासमोरची पंधरा-वीस मिनिटं, एवढीच दिवसातली माझी एकटीची वेळ. त्यात मी चार थर लावते की सात, याचा हिशेब दुसऱ्याने का मागावा?

पिपेट

सौंदर्यप्रसाधनांच्या फॉर्म्युलेशनमध्ये काम करते. कंपनीचं नाव सांगणार नाही, कुठलं उत्पादन घ्या हेही नाही.

आधी 'कोरियन' या शिक्क्याबद्दल. क्लिन्झिंग ऑइल जपानच्या शू उएमुरांनी १९६७ मध्ये आणलं. एसेन्स लोकप्रिय केला तोही एसके-टू या जपानी ब्रँडने, १९८० मध्ये. कोरियाने हे सगळं एका क्रमात बसवलं, स्वस्त केलं आणि पोत फार सुंदर केले. हे श्रेय त्यांचं.

टोनर, एसेन्स, सीरम, अँप्यूल यांच्यात अशी कुठलीही ठरलेली रेषा नाही. पाणी, ग्लिसरीन, ब्युटिलीन ग्लायकॉल, हायल्युरॉनिक अ‍ॅसिड हा पाया बहुतेकांत सारखाच, दाटपणा आणि सक्रिय घटकाचं प्रमाण वेगळं. म्हणून निळी_शाईंचे पातळ थर चुकीचे नाहीत, पण लेबलं वाचा. तिन्ही बाटल्यांत नायसिनामाइड असेल तर तुम्ही एकच औषध तीनदा लावताय. काहींचा चेहरा त्याने लाल होतो, चुरचुरतो. आणि आपल्या रंगाच्या त्वचेत मोठी अडचण इथेच आहे: चुरचुर थांबते, पण मागे काळा डाग ठेवून जाते, तो महिनोन्‌महिने जात नाही. जास्त थर म्हणजे बिघडायच्या जास्त शक्यता, इतकं साधं आहे.

मुंबईसाठी आणखी एक. कपाळावर, केसांच्या कडेला एकसारख्या बारीक, खाजणाऱ्या पुळ्या उठल्या तर त्या मुरुमांच्या असतीलच असं नाही. मॅलॅसेझिया नावाची यीस्ट प्रत्येकाच्या त्वचेवर असते, घाम आणि दमटपणात ती केसांच्या मुळांशी वाढते. ती त्वचेवरच्या स्निग्ध पदार्थांवर जगते. तिच्यावर तेलकट थर चढवले तर वाढ होते आणि मुरुमांच्या औषधाने फरक पडत नाही, बुरशीविरोधी औषध लागतं. पावसाळ्यात नवं रुटीन सुरू करून 'मला सूट झालं नाही' म्हणणाऱ्यांपैकी काहींचं दुखणं हे असतं. ते त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. केईएम, सायन, नायर या पालिकेच्या रुग्णालयांत त्वचारोगाची ओपीडी आहे, पाचव्या सीरमपेक्षा तो केसपेपर स्वस्त पडतो.

परळचा_पिंपळ

पिपेट, पटलं. पण मग मूळ प्रश्न तसाच उरतो. त्या 'सेंटेला'चा एवढा गवगवा आहे, ती तर आपली मंडूकपर्णी. ओलसर जागी आपोआप उगवते. ती कोरियाहून बाटलीत भरून का आणायची? दिवाळीत आधी तेल आणि मग उटणं लावतो, ते तुमचं डबल क्लिन्झिंगच आहे, आधी तेल मग फेसवॉश. बेसन, साय, हळद, लिंबू यांवर आपल्या आज्यांच्या त्वचा उतारवयापर्यंत छान राहिल्या.

दोन_मुलींची_आई

लिंबू नको, काका, कळकळीने सांगते. लिंबाचा रस चेहऱ्यावर राहिला आणि ऊन लागलं की त्वचा भाजल्यासारखी होऊन काळे चट्टे पडतात. माझ्या थोरलीच्या बाबतीत हे झालंय, डॉक्टरांनी कारण विचारून पहिल्यांदा लिंबूच बंद करायला लावलं. बेसन वर्षातून चार दिवस ठीक. रोज रगडलं तर तीही घासणीच. आणि आज्या भर दुपारी डोक्यावर पदर घेतल्याशिवाय बाहेर पडत नव्हत्या, ते आपण विसरतो.

पण माझी काळजी वेगळी आहे. धाकटी बारा वर्षांची आहे आणि तिला रेटिनॉल (सुरकुत्यांसाठी लावतात ते जीवनसत्त्व ए) हवंय, कारण वर्गातल्या मैत्रिणीकडे आहे. मी तिला फेसवॉश, साधं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन एवढंच देते. रोज भांडण होतं. सायली, तुमच्या कमी पायऱ्यांना म्हणूनच माझं मत.

आणि इथे कोणी बोललं नाही म्हणून सांगते. ओळखीच्या पार्लरमध्ये नाव नसलेल्या डबीतून 'कोरियन ग्लो नाइट क्रीम' विकलं जात होतं. आठवड्यात चेहरा उजळतो, गुळगुळीत होतो. असं काही झालं तर खूश होऊ नका, घाबरा. त्यात स्टेरॉइड असू शकतं. लावत राहिलं की त्वचा पातळ होते, लव वाढते आणि बंद केलं की चेहरा लाल होतो, मुरुम उसळतात. स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकायला २०१८ मध्ये सरकारने बंदी घातली, ती उगाच नव्हे.

पिपेट

आईंना पूर्ण पाठिंबा. बारा वर्षांच्या निरोगी त्वचेला रेटिनॉलचं काहीही काम नाही. गर्भारपणात आणि मूल हवं असताना मोठ्यांनीही ते बंद ठेवावं.

बाहेरून येणाऱ्या प्रत्येक सौंदर्यप्रसाधनाची सीडीएससीओकडे (केंद्र सरकारची औषध नियंत्रण संस्था) नोंदणी लागते आणि वेष्टनावर आयातदाराचं नाव-पत्ता व नोंदणी क्रमांक छापलेला असतो. फुटपाथवरच्या निम्म्या किमतीच्या बाटलीवर हा मजकूर शोधा. नसेल तर ठेवून द्या.

काका, मंडूकपर्णी आपलीच. पण सीरममध्ये तिचा शुद्ध केलेला अर्क असतो, त्यातल्या घटकांचं प्रमाण ठरलेलं असतं. कुंडीतला पाला वाटून लावला तर त्याबरोबर माती आणि जंतूही लागतात. तो अर्क कोरियाहूनच आला पाहिजे असं मात्र मुळीच नाही, भारतीय कंपन्याही आता वापरतात. आणि खोबरेल तेलाने क्लिन्झिंग करणाऱ्यांसाठी: क्लिन्झिंग ऑइलमध्ये इमल्सिफायर असतो, म्हणून ते पाण्यात सुटतं. खोबरेल सुटत नाही, रंध्रांत बसतं.

घामाघूम

धागा वाचला. सगळं एसीतल्या लोकांचं चाललंय. मी शिवडीकडे साइटवर असतो, सकाळी आठपासून उन्हात. सनस्क्रीन लावलं की अर्ध्या तासात हेल्मेटखालून घामाबरोबर डोळ्यांत जातं, आग होते. दर दोन तासांनी पुन्हा लावा म्हणतात, ते धुळीने माखलेल्या तोंडावर कसं लावायचं? मान आणि गालाची वरची बाजू इतकी रापलीये की बायको रोज आठवण करते. सनस्क्रीन सोडून दिलं तर काय बिघडेल, हे कोणी सरळ सांगेल का?

सायलीचा_वेल

घामाघूम, सोडू नका. मुंबईत ज्याला सनस्क्रीनची सगळ्यात जास्त गरज आहे तो माणूस तुम्ही आहात, मी नाही. आमच्यासारख्यांसाठी लिहिलेलं रुटीन तुमच्यापर्यंत येईपर्यंत निरुपयोगी होतं, ही त्या सगळ्या सल्ल्यांमधली मोठी उणीव आहे.

पिंपळकाका, गोऱ्या रंगाबद्दल तुम्ही जे लिहिलंत त्यातलं कायद्याचं खरं आहे आणि जाहिरातींचंही. तरी माझं मत मी मागे घेत नाही. मुलगी सनस्क्रीन कशासाठी लावते हे तिला घरात काय ऐकवलं जातं त्यावर ठरतं. 'काळी पडशील' म्हणून लावलं तर ते जुनंच वेड. वांग वाढू नये, त्वचा जळू नये म्हणून लावलं तर तो आरोग्याचा भाग.

परळचा_पिंपळ

घरात काय ऐकवलं जातं ते मला विचारा. लग्नाच्या बायोडेटात अजून 'वर्ण गोरा' लिहिलं जातं. ते जाईपर्यंत तुमच्या उजळवणाऱ्या सीरमला मी आरोग्य म्हणणार नाही. सनस्क्रीनला म्हणेन.

निळी_शाई

काका, मग डाग जावा म्हणून सीरम लावणारीला काय म्हणाल? माझ्या हनुवटीवर मुरुमांचे डाग आहेत. ते गेले तर माझा रंग बदलत नाही, माझा स्वतःचा रंग परत येतो. हा फरक तुम्ही करायलाच हवा.

पिपेट

घामाघूम, तुमच्या प्रश्नावर, कारण तो खरा प्रश्न आहे.

एसपीएफ म्हणजे सनस्क्रीनवरचा संरक्षणाचा आकडा: ३० सुमारे ९७ टक्के यूव्हीबी (त्वचा भाजणारे अतिनील किरण) अडवतं, ५० सुमारे ९८ टक्के. म्हणजे आकड्यामागे धावू नका, मात्रेकडे बघा. चेहरा आणि मानेला तर्जनी व मधलं बोट भरून लागतं. या मापाने ५० ग्रॅमची ट्यूब महिना-सव्वा महिन्यात संपायला हवी. सहा महिने पुरत असेल तर लावताय ते नावालाच. छापील आकड्यावरही आंधळा भरवसा नको: डिसेंबर २०२० मध्ये एका गाजलेल्या कोरियन सनस्क्रीनवर ५०+ लिहिलेलं असताना स्वतंत्र चाचणीत ते २०च्या आसपास भरलं आणि बाजारातून गेलं.

कोरियन सनस्क्रीन पातळ आणि छान लागतात, पण त्यातली बरीच ऑफिसच्या दिवसासाठी बनवलेली असतात, घामात टिकत नाहीत. तुम्ही 'वॉटर रेझिस्टंट' लिहिलेलं घ्या. डोळ्यांच्या भोवती आणि भुवयांच्या वर झिंक ऑक्साइडची स्टिक लावा, ती कमी ओघळते आणि आग सहसा करत नाही. निघण्याच्या पंधरा-वीस मिनिटं आधी लावा. साइटवर जेवणाच्या सुट्टीत तोंड साध्या पाण्याने धुवा, पुसा आणि तेव्हा पुन्हा लावा. दर दोन तासांनी जमणार नाही, दुपारी एकदा जमेल. मानेसाठी हेल्मेटच्या मागे लावायचं कापड मिळतं, ते कुठल्याही ट्यूबपेक्षा चांगलं काम करतं. रात्री ते वॉटर रेझिस्टंट निघण्यासाठी तुम्हालाच क्लिन्झिंग ऑइलची खरी गरज आहे, एसीतल्यांपेक्षा जास्त.

सोडलं तर काय बिघडेल: गालांवर वांग, मानेवर जाड काळपट त्वचा, वयाआधी सुरकुत्या. वांग एकदा धरलं की उपचारांनी फिकं होतं, ऊन लागलं की परत गडद होतं. त्याला दिसणारा प्रकाशही वाढवतो, म्हणून गालांवर डाग दिसू लागले असतील तर आयर्न ऑक्साइड असलेलं, त्वचेच्या रंगाचं सनस्क्रीन घ्या.

घामाघूम

हे कोणी असं सांगितलं नव्हतं. मानेचं कापड सेफ्टीवाल्याकडे मागतो, आमच्या गँगमधल्या सगळ्यांसाठीच. स्टिक दादरला मेडिकलमध्ये मिळेल की ऑनलाइनच मागवावी लागेल?

दोन_मुलींची_आई

मोठ्या मेडिकलमध्ये मिळते, लहान मुलांच्या सनस्क्रीनच्या खणात बघा. घेताना झिंक ऑक्साइड लिहिलंय का ते वाचून घ्या.