गावात राहून बोलायचं कसं? (अनुभव धागा)

धागाकर्ती:
कागदावर बोलायला जागा भरपूर आहे. वर्षाला किमान चार ग्रामसभा, त्यांच्या आधी बायकांची वेगळी सभा, सोसायटीची वार्षिक सभा, समाजाच्या मंडळाची बैठक. २०१७ पासून तर वाळीत टाकण्याविरुद्ध महाराष्ट्रात स्वतंत्र कायदाही लागू आहे. तरी जातीबाहेरचं लग्न, विधवेचं कुंकू, देवस्थानचा मान, दारूचं दुकान असा विषय निघाला की सभेत नुसते खोकल्याचे आवाज. खरी चर्चा नंतर पारावर, नाहीतर घरी जाता जाता.

शहरात एखाद्याशी वाजलं तर तो माणूस पुन्हा दिसेलच असं नाही. दोनशे उंबऱ्यांच्या गावात त्याच्याच बांधावरून आपली पाइपलाइन गेलेली असते. त्यामुळे गप्प बसणाऱ्याला मी भित्रा म्हणणार नाही, त्याने हिशेब केलेला असतो. तो हिशेब मला ऐकायचाय. तुम्ही बोललात तेव्हा काय झालं? नाही बोललात तर का? गावाचं, माणसांचं नाव लिहू नका. ज्यांना अजून तिथेच राहायचंय त्यांचा विचार करा.

निवृत्त ग्रामसेवक:
आता पदनाम ग्रामपंचायत अधिकारी झालंय, काम तेच. आधी एक सांगतो. ग्रामसभेचा कोरम म्हणजे मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यातली जी संख्या कमी असेल ती. तेवढीही जमत नाहीत, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही. मग सरपंच, सदस्य, शिपाई आणि दोन-चार हौशी मिळून गावाचा निर्णय घेतात. सह्यांचं रजिस्टर नंतर घरोघरी फिरतं.

प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे सभेच्या इतिवृत्तात, वाक्य ठरलेलं: 'सदर विषयावर सखोल चर्चा होऊन ठराव सर्वानुमते मंजूर.' सूचक अमुक, अनुमोदक तमुक. चर्चा झालेली नसायची हे मी वेगळं सांगायला नको.

एका गावात एक माजी सैनिक ऐनवेळच्या विषयात उठले. वस्तीकडच्या स्मशानभूमीचा रस्ता दरवर्षी आराखड्यातून का गळतो, असं विचारलं आणि म्हणाले, "माझा विरोध नावानिशी नोंदवा." सरपंचांनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घालून लिहीत राहिलो. संध्याकाळी चार जण ऑफिसात आले. रस्त्याबद्दल कोणाचं काही म्हणणं नव्हतं. राग त्या एका ओळीचा होता. "बोलला ते बोलला भाऊसाहेब, तुम्ही लिहून कशाला घेतलं?" पान बदला म्हणाले. पानांवर छापील क्रमांक होते म्हणून मी वाचलो, नाहीतर काय केलं असतं सांगता येत नाही. पुढे पंचायत समितीकडून चौकशी आली तेव्हा रस्त्याचा विषय फायलीवर आला तो त्याच ओळीमुळे.

कृष्णाकाठची:
हेरवाडचं नाव सगळ्यांना माहीत असेल. शिरोळ तालुक्यातल्या या गावाने मे २०२२ मध्ये, शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या दिवसांत, नवरा गेल्यावर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं बंद करायचा ठराव केला. त्याच महिन्यात सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. मग आमच्याही गावात ठराव आला. पाच मिनिटांत मंजूर, टाळ्या, फोटो. विरोधात एक माणूस उभा राहिला नाही. तेव्हाच मला शंका आली होती.

पुढे आमचे मामंजी गेले. अंगणात सासूबाईंना मधे बसवून म्हाताऱ्या बायका पुढे सरकल्या. मी म्हटलं, गावाचा ठराव झालाय. एक चुलत आजेसासू म्हणाली, "ठराव बाप्यांनी केला. मला कुणी विचारलं?" तिचं बरोबर होतं! मी म्हटलं, "तुम्ही तिथं का नाही बोललात?" ती म्हणाली, "तिथं बोलले असते तर तुम्ही मला मागासलेली म्हणाला असता." मयताच्या दारात तासभर वाद झाला. तिच्या सासूने तिच्या बांगड्या दगडाने कशा फोडल्या, मनगटाला काच कशी लागली, हे ती तिथे पहिल्यांदा बोलली. पदर वर करून व्रण दाखवला. आणि तरीही म्हणाली, मी सोसलं ते उगीचच होतं का?

शेवटी सासूबाईंनीच हात मागे घेतला. बांगड्या राहिल्या, कुंकू मात्र त्या आता लावत नाहीत. ही भांडणं ग्रामसभेत व्हायला हवी होती असं मला राहून राहून वाटतं. ठराव पडला असता तरी चाललं असतं.

शिमग्याची पालखी:
रत्नागिरीकडचा, पोटापाण्याला मुंबईत. आमच्याकडे ग्रामसभेपेक्षा गावकी, म्हणजे गावातल्या जाणत्यांची परंपरेची बैठक, मोठी. वाडीतल्या एका घराला गावकीने दंड लावला होता, त्यांनी भरला नाही. त्यांच्याशी बोलायचं नाही असं ठरलं. वडील बैठकीत एवढंच म्हणाले की दंड कशाचा ते तरी सांगा. आणि त्या घरच्या लग्नाला जेवून आले.

कुणी शिवी दिली नाही, हात उगारला नाही. दुकानात गेलं की साखर संपलेली असायची. भात लावणीला माणूस मिळेना. शिमग्याला आईने अंगण सारवलं, ओटीचं ताट भरून ठेवलं. ढोल शेजारच्या घरापर्यंत आला आणि पालखी आमचं अंगण टाळून वरच्या घाटीने गेली. मुंबईहून आम्ही सगळे रजा काढून आलेलो. आई ताट घेऊन पायरीवर उभी. आमच्याकडे वर्षभरात देव घरी येतो तो त्या एका दिवशी. दंड परवडला असता.

कायदा आहे, मी वाचलाय. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पण 'साखर संपली' हे कोर्टात सिद्ध कसं करणार? आम्ही तक्रारीचा कागद तयार केला, तसं गावातून तडजोडीला माणसं आली. पुढच्या शिमग्याला पालखी आली. वडील गावकीत पुन्हा बसले नाहीत, दंड कशाचा हे आजवर कळलेलं नाही.

डिचोलीकर:
गोव्यात उलट. आमच्या ग्रामसभा रविवारी भरतात आणि आवाज खालच्या रस्त्यापर्यंत येतो. डोंगर कापणं, रस्ता, बाहेरचा बिल्डर, यावर माणसं सरपंचाला घाम फोडतात. मीही फोडलाय.

पण खाणीचा विषय आला की गोष्ट वेगळी. ऑक्टोबर २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने खाणकाम थांबवलं, मधे सुरू झालं, फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ लीज रद्द ठरवले. गावात एका घरी विहिरी आटल्या आणि शेतात लाल माती आली म्हणून खाण नको, आणि शेजारच्या घरी ट्रकचे हप्ते थकलेत म्हणून खाण हवी. आमच्यात तर एकाच घरात दोन्ही. भावाचे ट्रक, माझी कुळागराची, म्हणजे माड-पोफळीच्या बागेची, थोडी जमीन. सभेत मी हात वर केला नाही. सरपंचाला मी घाबरत नाही, पण रात्री जेवायला पान भावाशेजारीच मांडलेलं असतं. धागाकर्तीने म्हटलेला हिशेब तो हाच.

तिसरा मजला:
गाव कशाला हवं? आमच्या सोसायटीत फ्लॅट कोणाला भाड्याने द्यायचा नाही, हे वार्षिक सभेत हात वर करून ठरत होतं. धर्माचं नाव कुणी घेतलं नाही, 'आपल्यातल्याच फॅमिली' असा शब्द होता. मी म्हटलं, असेल तर स्पष्ट लिहा, मी रजिस्ट्रारकडे पाठवतो. विषय पुढच्या सभेवर गेला, तो परत आलाच नाही. लिफ्टमध्ये दोन कुटुंबं अजून मोबाइलकडे बघतात. एवढंच, चालतं.

वाटसरू:
कामानिमित्त गडचिरोलीत होतो तेव्हा धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावात गेलो होतो. 'आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा त्यांचीच. २००९ मध्ये जंगलावर सामूहिक हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी ते. तिथे बहुमताने निर्णय घेत नाहीत, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत थांबतात. मला जास्त आवडला तो अभ्यासगट. तिथे फक्त विषय समजून घ्यायचा, निर्णय तिथे होत नाही. त्यामुळे कोणी हरत नाही आणि माणूस मोकळा बोलतो.

निवृत्त ग्रामसेवक:
एकमत ऐकायला छान. पण शेवटी एकटा उरलेल्या माणसावर सगळं गाव डोळे लावून बसतं तेव्हा तो 'हो' का म्हणतो, हेही बघायला हवं. मेंढ्याबद्दल बोलत नाही, 'सर्वानुमते' मी फार वेळा लिहिलंय.

आडवी बाटली:
म्हणून गुप्त मतदान. आमच्या गावच्या देशी दारूच्या दुकानाविरुद्ध आम्ही २५ टक्के बायकांच्या सह्या जमवल्या. त्यातल्या कितीतरी जणी सभेत तोंड उघडायच्या नाहीत, दुकानदार भावकीतला. मतदानाच्या दिवशी कागदावर उभी बाटली (दुकान राहू दे) आणि आडवी बाटली (दुकान बंद), शिक्का मारून घडी घालायची. नवरा बाहेर उभा असला तरी आत कळत नाही. गोम एकच. गावातल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडवीला लागतात, नुसत्या आलेल्यांच्या नाही. घरी बसलेली बाई आपोआप दुकानाच्या बाजूची. त्या दिवशी दोन टमटम भरून बायकांना देवदर्शनाला नेलं होतं, फुकट. कुणी नेलं ते सगळ्यांना माहीत आहे.

नवीन सभासद:
ग्रामसेवक काका, १५ ऑगस्टच्या सभेत मला एका ठरावाला विरोध करायचाय. तोंडी सांगून पुरेल?

निवृत्त ग्रामसेवक:
नाही. आदल्या दिवशी लेखी अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर तारखेसकट पोच घ्या. सभेत उठून तोच अर्ज मोठ्याने वाचा. आठवड्याने प्रोसिडिंगची नक्कल मागा, दिली नाही तर माहिती अधिकारात मागा. आणि एकटे जाऊ नका, सही करणारा आणखी एक जण बघा. नसेल मिळत तर आधी तो शोधा, सभा पुन्हा येतेच.