ऊसतोडीला जाणारी पोरं: दोष पावसाचा की साखरेचा?

गोदाकाठचा मास्तर
बीड जिल्ह्यात झेडपीच्या शाळेवर आहे, गाव सांगत नाही. दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली की आमच्याकडे पट कागदावर तसाच असतो आणि वर्गात निम्मी पोरं. ट्रक, टायरगाड्या निघून गेलेल्या असतात, कोणी सांगली-कोल्हापूर, कोणी पार बेळगाव साईडला. नवरा-बायको मिळून एक कोयता आणि कोयत्यामागं पोरं. मार्च-एप्रिलात पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की परत.

हे सगळ्यांना माहितीये, त्यात नवीन काही नाही. माझा मुद्दा असा की आपण याला अजून नुसती गरिबी म्हणतो आणि हवामान बदल म्हटलं की आपल्याला वितळणारा बर्फ आठवतो. युनिसेफने २०२१ मध्ये मुलांसाठी हवामानाच्या धोक्याची देशवार क्रमवारी काढली, त्यात भारत २६ वा होता. ते वाचून लोक हळहळले आणि विसरले. तो धोका दिसतो कसा ते सांगतो. मागं राहणाऱ्या पोरांसाठी हंगामी वसतिगृह नावाची योजना आहे, म्हणजे आमच्याकडे तरी शाळेत दोन वेळचं जेवण आणि पोरगं झोपायला आजीकडे. योजना चालते आजीच्या जिवावर. पण पाऊस हुकला की जानेवारीतच आड आटतो, टँकर कधी येईल पत्ता नाही, मग ती म्हातारी पाण्याच्या रांगेत बसेल का नातवंडांकडं बघेल? ती लेकाला फोन करते, घेऊन जा बाबा तुझी पोरं. २०१८ च्या दुष्काळात माझ्या वर्गातली चार पोरं अशी मधेच गेली.

आणि यंदा उलटं. सप्टेंबर २०२५ च्या पुरात जमिनी खरडून गेल्या, सोयाबीन वाहून गेलं, आणि जी घरं कधी कोयत्याला जात नव्हती तीपण उचल, म्हणजे तोडणीचे आगाऊ पैसे, घेऊन मोकळी झाली. पाऊस नसला तरी पोरगं जातं, जास्त झाला तरी जातं. पटतंय का?

तिरपी रेघ
सर, तळमळ मान्य, निदान अजिबात अमान्य. १९७२ ला कुठला हवामान बदल होता? तेव्हाही लोक निघालेच की ऊसतोडीला. मराठवाड्यात पाऊस कमीच पडायचा आणि कमीच पडणार. प्रश्न आहे ते पाणी कोण पितो. राज्यातल्या लागवडीखालच्या जमिनीत ऊस चार टक्क्यांच्या आसपास आणि सिंचनाचं पाणी खातो सत्तर टक्क्यांच्या घरात, हे कृषिमूल्य आयोगाच्याच अहवालात आलंय. २०१६ ला मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं, आणि त्याच मराठवाड्यात ऊसही उभा होता आणि कारखानेही. आता तुम्ही म्हणणार हवामान. मग पुढारी काय म्हणेल? बघा, मास्तरपण म्हणतायत, निसर्गाचा कोप आहे, आमचा काय इलाज. फुकटची सबब देताय तुम्ही त्यांना.

चहा कमी साखर
तिरपी रेघ, सबब होऊ शकते हे खरं, पण म्हणून गोष्ट खोटी ठरत नाही. तुम्ही सरासरी बघताय. सरासरीने शेत भिजत नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांचा २०१७ चा अभ्यास आहे, १९५० ते २०१५ मध्ये मध्य भारतात दूरवर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या, आणि त्याच भागात एकूण मोसमी पाऊस मात्र कमी होत गेला. त्यात खान्देश-मराठवाड्याकडचा भागही धरलाय. म्हणजे महिनाभर आभाळाकडं बघत बसायचं आणि मग दोन दिवसात सगळं. कोरडवाहू शेतीचं यात वाटोळं होतं, धरणाखालच्या उसाचं एवढं होत नाही. म्हणजे तुमचा ऊस आणि आमचं हवामान एकाच घराला दोन्हीकडून चेपतायत. भांडण कशाचं आहे?

तिरपी रेघ
भांडण पैशाचं आहे. हवामान म्हटलं की परिषदा, पोस्टर, झाडं लावा. पाणीवाटप म्हटलं की खुर्ची हलते. मला पाणीवाटपाचं ऐकायचंय.

नदीपलीकडे
कटू बोलतो, राग मानू नका. सरकार वसतिगृह देतंय, जेवण देतंय, जानेवारी २०२४ ला तोडणीचा दर ३४ टक्के वाढवून मिळाला. तरी आईबाप पोरं घेऊनच जातात, कारण दहा-बारा वर्षाचं पोरगं म्हणजे जास्तीचे दोन हात. याला हवामान काय करणार आणि साखरसम्राट तरी काय करणार. थोडी जबाबदारी पालकांची पण असते ना.

कोपीतला
नदीपलीकडे साहेब, मी तेच जास्तीचे दोन हात. आता पुण्यात एका वर्कशॉपला आहे, रात्रपाळीला मोबाईल बघत बसलोय म्हणून लिहितो, चुकलं तर समजून घ्या.

सहावीपर्यंत पाच हंगाम केले. पहाटे चारला आई उठायची, भाकरी बांधायची, पाचला फडात, म्हणजे तोडणीच्या उसात. माझं काम धाकटीला सांभाळायचं आणि वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्या बांधायच्या, त्या विकून तेल-मीठ यायचं. कोपी म्हणजे काय ते बघितलंय का कुणी? बांबूच्या चार काड्या, वर चटई नाहीतर पाचट, त्यावर प्लास्टिकचा कागद. आत माणूस उभा राहत नाही. एका वर्षी फेब्रुवारीत रात्री अवकाळी पाऊस आला, वाऱ्यानं कागद गेला उडून, आणि बापानं आम्हा दोघांना गाडीखाली बसवलं, बैलांच्या पायात. धाकटी भिजून तापली. सकाळी फडात चिखल, गाडी निघेना, तोडणी चार दिवस बंद, म्हणजे मजुरीचा खाडा, म्हणजे उचल फिटणार नाही. माझं दप्तर त्या कोपीत होतं, त्याचा लगदा झाला. दप्तरात तसं काय नव्हतंच म्हणा, बालभारतीचं एक पुस्तक आणि शाळेतनं दिलेलं शिक्षण हमी पत्रक. ते पत्रक दाखवून फडाजवळच्या शाळेत बसता येतं असं सरांनी सांगितलं होतं. भिजलेलं घेऊन गेलो तर तिथले म्हणाले, वाचता येत नाही यावर काय लिहिलंय ते. परत गेलोच नाही.

आता आईबापाची जबाबदारी. आमची आजी वारलेली. मागं ठेवायचं कुणाकडं? आणि मुलगी असली तर? बारा-तेराची मुलगी गावात एकटी ठेवायची हिंमत कुणाची आहे सांगा. मग पुढच्या हंगामाआधी लग्न उरकतात, कोयता पण पूर्ण होतो. धाकटीचं तसंच झालं. त्यावर जास्त लिहीत नाही.

अंगणवाडीची ताई
भाऊ, वाचून गलबलून आलं. बीड जिल्ह्यातल्या अठराच्या आत लग्न झालेल्या मुलींचा आकडा एनएफएचएस-५ या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत चाळीस टक्क्यांच्या वर आहे, आणि त्यामागे हेच एक मोठं कारण आहे, आम्ही रोज बघतो.

मला सहा वर्षाच्या आतल्या लेकरांबद्दल बोलायचंय, कारण वर सगळे शाळेबद्दलच बोलतायत. त्यांना कुठलं वसतिगृह? ती आईच्या मागेच जाणार. इथे वजन घ्यायचं, कमी वजनाचं निघालं म्हणून जास्तीचा आहार सुरू करायचा, आणि पंधरा दिवसात ते लेकरू दोनशे किलोमीटर लांब. अंगणवाडीच्या पोषण ट्रॅकर ॲपवर स्थलांतराची नोंद करता येते, मी करते पण. पण फडापासून अंगणवाडी तीन-चार किलोमीटर असली तर लेकराला तिथं नेणार कोण, आई उसात आहे. मार्चमध्ये परत येतात तेव्हा गालफडं बसलेली. आणि आता मार्चमध्येच ऊन असं लागतं की विचारू नका. झोळी बांधायला सावलीचं झाड सुद्धा नसतं फडात, ऊस तोडला की सगळं उघडं रान. लहान लेकराचं अंग मोठ्या माणसापेक्षा लवकर तापतं, त्याला तहान लागली हे सांगता येत नाही, ते नुसतं किरकिर करतं आणि मग गप्प होतं. गप्प झालं की आईला वाटतं झोपलं.

नदीपलीकडे
ताई, कोपीतला भाऊ, शब्द मागे घेतो. शहरात बसून वाटतं वेगळं.

तिरपी रेघ
मी मागे घेत नाही, पण भर घालतो. कोपीतल्याने जे लिहिलंय त्यात बघा, पाऊस आला हा निसर्ग. कोपीवर पत्रा नव्हता हा निसर्ग नाही. चार दिवस काम बंद पडलं की मजुराचाच खाडा, कारखान्याचा नाही, हा तर निसर्ग अजिबात नाही. त्या चार दिवसांची मजुरी द्यायचं एक कलम करारात घाला म्हणतो मी. हार्वेस्टर घ्यायला अनुदान मिळतं, कोपीवर पत्रा टाकायला कोणी देत नाही.

गोदाकाठचा मास्तर
तिरपी रेघ, हेच तर म्हणतोय मी दुसऱ्या बाजूने. पूर्वी फेब्रुवारीतला पाऊस म्हणजे नशीब म्हणून सोडून देता यायचं. आता तो येणार हे धरून चालायला पाहिजे, आणि धरून चाललं तर पत्रा टाकणं कुणाचं तरी काम ठरतं. हवामान म्हटल्याने पुढारी सुटत नाही, उलट माहिती होतं तरी काही केलं नाही असं त्याच्या तोंडावर म्हणता येतं. आणि झाडांचं म्हणाल तर फडाच्या कडेला दोन लिंब लावले तरी ताईंची झोळी बांधायची सोय होईल, पण ते असू द्या.

आमचं स्वतःचंही सांगतो, फक्त वरच्यांना बोलून उपयोग नाही. वसतिगृहासाठी पोरांची यादी आम्ही करतो, ती वर जाते, मंजुरी येईपर्यंत बऱ्याच वेळा गाड्या निघून गेलेल्या असतात. मग मंजूर पोरं चाळीस आणि जेवायला सतरा. यंदा मी दसऱ्यालाच घरोघरी फिरलो. एका घरात बाई म्हणाली, सर, ठेवते पोराला, पण सासूला डोळ्यानं दिसत नाही. यादीत यासाठी रकानाच नाही. नाव, इयत्ता, आधार, पालक कुठल्या कारखान्याला, बस.

कोपीतला
सर, मग दोन रकाने तुम्हीच पेनाने काढा. घरी सांभाळणारं धडधाकट माणूस आहे का. आणि उन्हाळ्यापर्यंत पाणी पुरतं का. दोन्हीला नाही आलं तर ते पोरगं जाणार, लिहून ठेवा.

अंगणवाडीची ताई
आणि तिसरा, पाठीवर लहान भावंड आहे का. सांभाळायला तेच पोरगं लागतं, मग ते कितीही हुशार असो.

तिरपी रेघ
रकाने चांगले आहेत. सर, नावं गाळून ती यादी इथे टाका, तालुक्याला माहिती अधिकारात मी बाकीच्या शाळांची मागतो. उसाबद्दलचं माझं मत तेच आहे.

गोदाकाठचा मास्तर
टाकतो. रविवारी, आज केंद्राची मिटिंग आहे.