प्रतिसाद: पॉटवालं आइस्क्रीम का गेलं?

वर कुणीतरी म्हटलंय की पॉट आइस्क्रीमचं दुकान मुलाच्या हातात गेलं आणि चव गेली. मला हे मुलावर अन्याय केल्यासारखं वाटतं.

अमळनेरचं असंच एक दुकान लहानपणापासून पाहतोय. म्हातारे मालक लाकडी बादलीत बर्फ आणि खडेमीठ भरून मधला डबा हाताने फिरवायचे, तेच हे पॉट. मिठाने बर्फाचा गोठणबिंदू खाली येतो. प्रमाण जमलं तर बादलीतलं तापमान उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकतं. म्हणून वैशाखातही दूध गोठायचं. बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरली की बर्फाच्या लाद्या भुशात आणि गोणपाटात गुंडाळून यायच्या. लाद्या संपल्या की म्हातारबा ओरडायचे, "बरफ सरना, दुकान बंद!" गिऱ्हाईक कितीही मोठं असो.

मुलाने मशीन घेतलं ते हौसेने नाही. डबा फिरवायला माणूस मिळेना, दुधाचा भाव वाढला. मशीनच्या आइस्क्रीममध्ये निम्मी हवासुद्धा असू शकते, आणि विक्री लिटरवर होते, किलोवर नाही; म्हणजे तेवढ्याच दुधात जास्त माल. खरा मार बसला तो वनस्पती चरबीच्या 'फ्रोझन डेझर्ट'चा. साध्या आइस्क्रीमला किमान १० टक्के दुधाची चरबी लागते, याला ती लागतच नाही, म्हणून ते स्वस्तात निघतं. (वनस्पती तुपाचा कारखाना १९४५ साली अमळनेरातच निघाला, पुढे त्याची विप्रो झाली!)

सीताफळ मात्र मुलगा अजून पॉटमध्येच करतो, फक्त हंगामात. दुपारनंतर गेलात तर मिळणार नाही.