सांगलीत घर बघताना आधी शाळा बघायची की शेजार?

वारणाकाठ

माझ्या मावसबहिणीची पुण्याहून सांगलीला बदली झाली आहे. मोठा चौथीत, धाकटी पुढच्या वर्षी पहिलीत. घर कुठे बघू, असं तिने घरच्या ग्रुपवर विचारलं आणि चहा निवायच्या आत सगळ्यांचं एकच उत्तर आलं: विश्रामबाग. चांगल्या शाळा तिथे, चांगली माणसं तिथे. यातला पहिला भाग मला मान्य आहे. दुसऱ्यावर माझा आक्षेप आहे, म्हणून हा धागा.

विश्रामबागेबद्दल आकस नाही. विलिंग्डन कॉलेज तिथे १९१९ पासून आहे, वालचंद इंजिनिअरिंग कॉलेज १९४७ पासून. त्यांच्या आसपास प्राध्यापक, डॉक्टर, बँकवाले स्थिरावले, मग शाळा आल्या, क्लास आले. पण भाड्याचं घर विचारायला गेलं की कितीतरी ठिकाणी पहिला प्रश्न भाड्याचा नसतोच, आडनावाचा असतो. दुसरा, "तुमच्यात मटण-मासे चालतात का?" या चाळणीतून जे उरतात त्यांचीच पोरं एका जिन्यात खेळतात, एका व्हॅनमधून शाळेला जातात आणि संध्याकाळी एकाच क्लासला भेटतात. दहावी होईपर्यंत त्यांच्या घरी ईदचा शीरखुर्मा आलेला नसतो, आणि मार्केट यार्डात हमाली करणाऱ्याचा मुलगा त्यांच्या बाकावर बसलेला नसतो.

आणि हे कुठे? १९९८ ला सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून जी महापालिका झाली, तिच्यात! त्यातलीच मिरज बघा. तिथे मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे आणि उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गाणं होतं, ते ऐकायला सगळ्या धर्मांचे लोक बसतात. सतारमेकर मंडळींच्या कामाला २०२४ ला भौगोलिक मानांकन मिळालं. १८९४ च्या मिशन हॉस्पिटलमुळे ख्रिस्ती कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहिली आहेत. लिंगायत, जैन आहेत, घरात कन्नड आणि बाहेर मराठी बोलणारेही आहेत. मिरजेत जुन्या अनुदानित शाळा आहेत, सेमी-इंग्रजी आहे, आणि धाकटीला चालत सोडता येईल एवढ्या अंतरावर घर मिळू शकतं.

कर्मवीर भाऊराव पाटील आपल्याच जिल्ह्यातल्या ऐतवडे बुद्रुकचे. त्यांनी १९२४ ला साताऱ्यात वसतिगृह काढलं, त्यात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला जेवायची. १९२७ ला गांधीजींच्या हस्ते त्याचं छत्रपती शाहू बोर्डिंग असं नामकरण झालं. कोणाबरोबर राहतो हा शिक्षणाचाच भाग आहे, हे त्यांना शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं. माझं मत: तिने मिरजेत घर घ्यावं. तुमचं सांगा.

पंचेचाळीस फूट

असहमत. शेजार, शाळा नंतर; आधी नदी बघा.

कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना गेलं की इशारा, ४५ ला धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आमच्या तळमजल्यावर छातीएवढं पाणी होतं. पुस्तकं, दप्तरं, मुलीची जुनी प्रगतिपुस्तकं, सगळ्याचा चिखल झाला. २०२१ ला परत तेच. शाळा सुरू झाल्या तरी आम्ही पाहुण्यांच्या घरी, आणि मुलगी तिकडून वडापच्या जीपने ये-जा करत होती.

तुम्हाला ज्या संमिश्र वस्त्या आवडतात त्यातल्या बऱ्याच पूरपट्ट्यात नाहीतर गुंठेवारीत, म्हणजे परवानगीशिवाय गुंठ्या-गुंठ्याने विकलेल्या जमिनीवर आहेत. तिथे सगळ्या जातिधर्मांची माणसं जमली याचं कारण प्रेम नव्हे, स्वस्त गुंठा. २००१ ला गुंठेवारी नियमित करायचा कायदा आला, २०२१ ला मुदत वाढवून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं त्यात घेतली. कागद नियमित होतो, गटार आपोआप येत नाही. शामरावनगरात राहणाऱ्या कुणालाही विचारा, साध्या पावसात काय होतं ते. विश्रामबाग उंचावर आहे. ज्याला परवडतं त्याने तिथेच घ्यावं, यात लाजण्यासारखं काही नाही.

खडू आणि डस्टर

मिरजेत शिकवतो. धागाकर्तीची तळमळ समजते, पण एक गोष्ट गृहीत धरली गेली आहे की गल्ली संमिश्र असेल तर वर्गही तसाच असतो. तसं होत नाही. आमच्या गल्लीतून सकाळी एक पोरगं उर्दू शाळेत जातं, एक कन्नड माध्यमात, दोन इंग्रजी माध्यमाच्या व्हॅनमध्ये बसतात आणि उरलेली अनुदानित मराठी शाळेत चालत येतात. संध्याकाळी क्रिकेटला भेटतात, तेही पाचवी-सहावीपर्यंत. मग क्लास सुरू.

वर्ग मिसळायचं साधन कायद्याने दिलं आहे. शिक्षणहक्क कायदा २००९ चा. खासगी विनाअनुदानित शाळांत प्रवेशाच्या पहिल्या वर्गात २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांना. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा यातून वगळल्या आहेत. अर्ज भरताना नकाशावर घर दाखवावं लागतं. एक किलोमीटरच्या आतल्यांना आधी संधी, मग तीन किलोमीटरपर्यंतच्यांना. म्हणजे गरीब कुटुंबाचं घर विश्रामबागेपासून लांब असेल तर त्यांच्या मुलाला तिथली शाळाही लांबच. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळेला सूट दिली होती. ती टिकली असती तर शहरांतल्या बहुतेक खासगी शाळा सुटल्या असत्या. जुलै २०२४ ला मुंबई उच्च न्यायालयाने तो नियम रद्द केला.

मावसबहिणीने शाळेत जाऊन एवढंच विचारावं: या २५ टक्क्यांतली मुलं वेगळ्या तुकडीत बसवता का? उत्तर देताना मुख्याध्यापक अडखळले तर दुसरी शाळा बघावी, मग ती कुठल्याही भागात असो.

जेईईचा बाप

मुलगा अकरावीत गेला की मिरजेतून रोज क्लासला ये-जा करण्यात किती वेळ जातो, तो हिशेब कोणीच मांडलेला नाही. घर क्लासच्या जवळ हवं. बाकीचे संस्कार आईवडिलांनी करायचे असतात, ते शेजाऱ्यांवर सोपवू नका.

किल्लाभाग

मी मिरजेतच वाढले, मुलंही इथेच शिकतात. वारणाकाठ, तुम्ही चांगल्या मनाने लिहिलंय, म्हणून स्पष्ट बोलते.

आम्हाला विश्रामबागेत घर हवं होतं. मिस्टरांची नोकरी तिथे शेजारीच विजयनगरला, मुलीला तिथली शाळा आवडलेली. फोनवर घर रिकामं असायचं, नाव सांगितलं की "कालच दिलं." एजंटने शेवटी फोन घेणं बंद केलं. तेव्हा आमची मिरज ही निवड नाही, जिथे दार उघडलं ती जागा आहे. मला मिरज आवडते, पण ते वेगळं.

तुमची बहीण इथे आली तर तिचं स्वागतच. पण तिची मुलं शीरखुर्मा खाऊन मोठी व्हावीत म्हणून आम्ही इथे राहत नाही. आमच्या मुलांनाही मोठी लायब्ररी, चांगली प्रयोगशाळा, क्लास घराजवळ हवेत. चांगल्या शाळेच्या भागात सगळ्यांना घर मिळायला हवं, भांडायचं तर यासाठी भांडा. एका कुटुंबाने विश्रामबाग सोडून मिरजेत येण्याने ते होणार नाही.

वालचंद कॉर्नर

विश्रामबागेत बरीच वर्षं राहतोय. किल्लाभाग यांनी लिहिलं ते खरं आहे, मी ते होताना पाहिलं आहे, आणि ते वाईट आहे. पण इथे सगळे एकाच साच्याचे, हे धागाकर्तीचं चित्र अर्धंच आहे. जत, आटपाडी या दुष्काळी तालुक्यांकडची कितीतरी कुटुंबं फक्त पोरांच्या शाळेसाठी इथे दोन खोल्या घेऊन राहतात. आई इथे, बाप रानात. माझ्या मुलाचा जिवलग मित्र अशाच घरातला. पाण्याच्या टँकरची वाट बघणं म्हणजे काय, हे तो त्याच्याकडून शिकला. हीसुद्धा विविधताच ना?

वारणाकाठ

एकेकाला उत्तर देते.

पंचेचाळीस फूट, नदीबद्दल वाद नाही. पाटबंधारे खात्याने पूररेषा आखल्या आहेत: निळी साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदाच्या पुराची. बहिणीला लाल रेषेच्या बाहेरच घर बघायला सांगितलं आहे आणि मिरजेत तसे भाग भरपूर आहेत. कृष्णाघाटाकडे घ्या, असं मी म्हटलेलंच नाही.

जेईईचा बाप, धाकटी अजून पहिलीत जायची आहे. अकरावीसाठी तिची आधीची दहा वर्षं क्लासच्या दारात काढायची, हे मला मान्य नाही. संस्कार घरात होतात, पण मैत्री घरात होत नाही.

किल्लाभाग, तुमचं म्हणणं सर्वांत खोल गेलं. तरी मी दोन्ही गोष्टी धरून राहते. बहिणीने मिरजेत राहावं, आणि माझे सासरे विश्रामबागेतल्या ज्या सोसायटीच्या कमिटीवर आहेत तिथे भाडेकरूला आडनाव आणि खाणं विचारायचं नाही, असा विषय मी सभेपुढे आणायला लावणार आहे. विरोध होईल हे माहीत आहे.

पंचेचाळीस फूट

लाल रेषेच्या बाहेर असलं तरी तळमजला नको. आणि सासऱ्यांच्या सभेत काय झालं ते इथे लिहा. घरमालक ऐकतील असं मला वाटत नाही, भाडं त्यांच्या खिशात जातं, कमिटीच्या नाही.

किल्लाभाग

ऐकणार नाहीत बहुतेक. तरी विषय इतिवृत्तात लिहून घ्या, तोंडी ठेवू नका. आणि बहिणीला शाळा बघायला आणाल तेव्हा सुटायच्या वेळी आणा. फाटकातून बाहेर येणारी पोरं बघितली की वर्गात कोण कोण बसतं ते समजतं, माहितीपुस्तकातून समजत नाही.