एनएफसी नॉर्थ: हे चार संघ एका गटात आले कसे?

नवखा प्रेक्षक:
नमस्कार मंडळी. गेल्या मोसमापासून एनएफएल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची लीग, बघायला लागलोय. खेळ आता बऱ्यापैकी कळतो, पण गटांचं कोडं सुटत नाही. शिकागो बेअर्स, ग्रीन बे पॅकर्स, डेट्रॉइट लायन्स आणि मिनेसोटा वायकिंग्ज हे एनएफसी नॉर्थ गटातले चौघे (एनएफसी म्हणजे लीगच्या दोन विभागांपैकी एक) उत्तरेकडचे, इथवर ठीक. पण जुने गुणतक्ते चाळताना त्यांच्याच गटात फ्लोरिडाचा टँपा बे सापडला! तो या थंडीत काय करत होता? आणि हे गट पाडायची पद्धत मुळात आली कुठून? जाणकारांनी जरा सविस्तर सांगा.

विस्कॉन्सिनकरीण:
टँपाचं आधी सांगते, ते सोपं आहे. १९६७ मध्ये लीगने आपल्या १६ संघांचे चार गट केले, त्यातल्या सेंट्रल गटात तुमचे हे चौघे होते. टँपा १९७६ मध्ये नव्याने आला, पहिलं वर्ष दुसऱ्याच गटात खेळला आणि १९७७ ला जागा होती म्हणून इथे आला. बिचारे पहिले २६ सामने ओळीने हरले होते. २००२ मध्ये ३२ संघांचे आठ गट झाले, तेव्हा टँपा दक्षिणेत गेला आणि सेंट्रलचं नाव नॉर्थ झालं. त्याच मोसमात टँपाने सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला.

आता गट कुठून आले ते. ही गोष्ट मला फार प्रिय आहे, म्हणून थोडं लांबेल.

१९३२ पर्यंत ना गट होते, ना अंतिम सामना. विजयाची टक्केवारी ज्याची जास्त, तो विजेता, आणि बरोबरीत सुटलेले सामने हिशोबातच धरायचे नाहीत. त्या वर्षी बेअर्सचे ६ विजय, १ हार आणि तब्बल ६ बरोबरी. ओहायोतल्या पोर्ट्समथ स्पार्टन्सचे ६ विजय, १ हार, ४ बरोबरी. म्हणजे दोघे अगदी सारखे! पॅकर्सनी १० सामने जिंकले होते, पण ३ हरले म्हणून ते मागे पडले. शेवटी बेअर्स आणि स्पार्टन्स यांच्यात एक जादा सामना ठरला.

शिकागोत इतकी बर्फवृष्टी आणि थंडी होती की सामना शिकागो स्टेडियम या बंदिस्त सभागृहात न्यावा लागला. तिथे नुकतीच सर्कस होऊन गेली होती, जमिनीवर मातीचा थर तसाच होता. त्यावर जेमतेम ८० यार्डांचं मैदान आखलं. कडेला लगेच भिंत. म्हणून चेंडू कडेला गेला की तो आत आणून खेळ सुरू करायचा असं ठरलं. आज मैदानावर हॅश मार्क्स, म्हणजे खेळ कुठून सुरू करायचा ते दाखवणाऱ्या छोट्या रेघा, दिसतात त्यांचा उगम इथला. स्पार्टन्सचा हुकमी खेळाडू डच क्लार्क आलाच नाही, कारण कोलोरॅडोतल्या कॉलेजात त्याची बास्केटबॉल शिकवायची नोकरी होती.

चौथ्या सत्रापर्यंत ०-०. मग ब्रॉन्को नागुर्स्की चेंडू घेऊन रेटारेटीत घुसायला निघाला, थबकला, दोन पावलं मागे आला आणि त्याने एंड झोनमध्ये, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात, रेड ग्रेंजकडे पास टाकला. तेव्हाचा नियम असा, की जिथून डाव सुरू होतो त्या रेषेच्या किमान ५ यार्ड मागून पास टाकायचा. स्पार्टन्सनी आरडाओरडा केला, पण टचडाउन (एंड झोनमध्ये चेंडू पोचवून मिळवलेले गुण) कायम राहिला. बेअर्स ९-० ने जिंकले.

या एका सामन्याने लीगचे डोळे उघडले. १९३३ पासून रेषेमागून कुठूनही पास टाकायची मुभा मिळाली, आणि पूर्व-पश्चिम असे दोन गट करून त्यांच्या विजेत्यांमध्ये अंतिम सामना सुरू झाला. पश्चिमेत बेअर्स, पॅकर्स आणि पोर्ट्समथ. आणि पुढच्याच वर्षी पोर्ट्समथचा संघ एका रेडिओ स्टेशनच्या मालकाने विकत घेऊन डेट्रॉइटला नेला. तेच लायन्स! म्हणजे १९३३ पासून आजतागायत हे तिघे एकदाही वेगळ्या गटात गेलेले नाहीत. वायकिंग्ज १९६१ ला आले आणि त्यांनी पहिल्याच सामन्यात बेअर्सना ३७-१३ ने हरवलं.

डेट्रॉइटवाला:
वा, काय सुंदर लिहिलंय. आमच्या लायन्सबद्दल दोन ओळी. थँक्सगिव्हिंगला (नोव्हेंबरातला अमेरिकन सण) डेट्रॉइटमध्ये सामना ठेवायची प्रथा १९३४ चीच, नव्या शहरात लोक यावेत म्हणून. पहिला बेअर्सविरुद्ध, १९-१६ ने हरलो. शेवटचं विजेतेपद १९५७ चं. २००८ मध्ये १६ पैकी १६ हरलो, ते सगळे मी पाहिलेत. जानेवारी २०२४ मध्ये लॉस एंजेलिस रॅम्सना २४-२३ ने हरवलं, तो ३२ वर्षांतला पहिला प्लेऑफ (बाद फेरीतला) विजय. शेवटची काही मिनिटं मी सोफ्यावर बसूच शकलो नाही, दाराची चौकट धरून उभा होतो. शेजारचे ऐंशीच्या पुढचे आजोबा अंगणात येऊन रडत होते.

नवखा प्रेक्षक:
दोघांचेही मनापासून आभार! पण ताई, पोर्ट्समथसारखी छोटी गावं गळाली, मग लाखभर वस्तीचं ग्रीन बे कसं टिकलं?

विस्कॉन्सिनकरीण:
कारण तो संघ गावाचाच आहे. १९२३ पासून वेळोवेळी लोकांनी भाग विकत घेतले, त्यावर लाभांश मिळत नाही. शिवाय १९६० च्या दशकापासून टीव्हीचे पैसे सगळ्या संघांना सारखे वाटले जातात.

आणि एक माणूस आठवायलाच हवा. १९५६ मध्ये नव्या स्टेडियमसाठी ग्रीन बेमध्ये मतदान होतं. ठराव फेटाळला असता तर संघ गावात राहणं कठीण होतं. तेव्हा बेअर्सचे मालक जॉर्ज हॅलास खुद्द तिथे आले आणि सभेत उभं राहून त्यांनी लोकांना स्टेडियमच्या बाजूने मत द्यायला सांगितलं. आज ज्याला लॅम्बो फील्ड म्हणतात ते हेच. मी डिसेंबरात तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा शेजारच्या बाईंनी पुठ्ठ्याचा तुकडा दिला, "पायाखाली ठेव, काँक्रीटचा गारठा बुटातून चढतो." त्या अंगभर हिरव्या-पिवळ्यात होत्या, पण हॅलासचं नाव आदराने घेत होत्या.

१९५७ मध्ये उद्घाटनाच्या सामन्याला समोर हॅलासचेच बेअर्स होते. पॅकर्स २१-१७ ने जिंकले.