जुनं पीयू (पॉलियुरेथेन) स्प्रे फोम मशीन घेऊ का?

प्रश्न: तुर्भ्यात कोल्ड स्टोरेजला पफ पॅनेल (आत फोम भरलेले, थंडावा टिकवणारे) बसवतो. आता स्वतःचं स्प्रेचं काम सुरू करायचंय. महापेला फोम मारायचं मशीन, ग्रॅको रिअ‍ॅक्टर मिळतंय, होज (पाइप) आणि गनसकट. वर्षभर बंद आहे, पण मालक म्हणतो चालू कंडिशन. काय बघू?

उत्तर: दादा, फोम आयसो (आयसोसायनेट) आणि पॉलिऑल ही दोन रसायनं मिसळून होतो. बंद करताना आयसोच्या बाजूला पंप ऑइल भरलं होतं का, हे आधी विचारा. आयसोसायनेटला ओलावा लागला की ते आत दगड होतं, आणि मशीनने इथला अख्खा पावसाळा काढलाय. होज जाम असेल तर ती गेलीच समजा. नुसते पंप हलवून दाखवले तर मानू नका. खरं मटेरियल घालून, होज तापवून पत्र्यावर मारायला लावा. दोन्हींचं प्रमाण १:१ हवं, दोन्ही प्रेशर गेज जवळपास सारखे दिसले पाहिजेत. मग फोम कापा. ठिसूळ निघाला तर आयसो जास्त, मऊ-चिकट निघाला तर पॉलिऑल जास्त.

उत्तर: बाहेरून हवा देणारा मास्क मात्र नवाच घ्या. आयसोने कायमचा दमा लागू शकतो. कामावरच्या पोरांनाही द्या, कळकळीने सांगतोय.

प्रश्नकर्ता: शनिवारी मटेरियलचे ड्रम घेऊनच जातो. गेज आणि कापलेल्या फोमचे फोटो टाकेन.