कोडिंगच्या असाइनमेंटसाठी मदत मागितली तेव्हा...

काल रात्री साडेअकराला भाचीचा मेसेज. स्क्रीनचा तिरका फोटो, निम्म्या ओळी चकाकीत गायब, खाली दोन शब्द: "मामा, चालेना." काय चालेना, काय यायला हवं, काय येतंय? पत्ता नाही. सकाळी सबमिशन.

हसलो, आणि टर्बो सीची (सी भाषेत प्रोग्रॅम लिहायचं जुनं सॉफ्टवेअर) निळी स्क्रीन आठवली. फॅक्टोरियलचा प्रोग्रॅम, म्हणजे 1 पासून त्या आकड्यापर्यंत सगळ्यांचा गुणाकार. 7 पर्यंत सगळं गोड, 5040. 8 टाकलं की -25216! लूप खोडून पुन्हा लिहिला, कितीदा ते विचारू नका. उत्तर तेच. शेवटी घाबरत घाबरत लॅबमधल्या एका सीनियरला विचारलं. त्याने कीबोर्डला हातही लावला नाही. "इंटमध्ये जास्तीत जास्त किती मावतं?" एवढं विचारून गेला निघून. असा राग आला होता! इंट म्हणजे पूर्णांक ठेवायची जागा, आणि तिच्यात 32767 पर्यंतच मावतं, हे सापडायला दोन दिवस लागले. अजून पाठ आहे.

तुम्ही कोणाला विचारलंत? बोलणी खाल्ली असतील तर तीही येऊ द्या.

रिकामी ओळ
स्कॅनएफ, सीमधली इनपुट वाचायची आज्ञा. त्यात विसरलेला अँपरसँड (&). आणखी काही सांगायला हवं का?

लूपात अडकलेला
नको. जखम ओली आहे.

तेरावा
धागाकर्ते, तुमचं नशीब चांगलं. आता इंट बहुतेक ठिकाणी 32 बिटचा, म्हणजे मावतं बरंच जास्त. 12 पर्यंत बरोबर आणि 13 ला 1932053504. खरं उत्तर 6227020800. आकडा मोठा, वर पॉझिटिव्ह, त्यामुळे संशयच येत नाही. मी तसंच जमा केलं. तपासणाऱ्यांनाही नाही आला :-)

अर्धविराम
मी मदत मागणारी नाही, देणारी होते. म्हणजे माझी फाइल वर्गभर फिरायची. एकदा मॅट्रिक्सच्या प्रोग्रॅममध्ये कॉमेंट (कोडमध्ये स्वतःसाठी लिहिलेली टीप) राहिली, "हे का चालतंय माहीत नाही, हात लावू नये". चौघांच्या सबमिशनमध्ये तीच कॉमेंट! एकाने तर शुद्धलेखन सुधारून. मॅडमनी चौघांना उभं करून विचारलं, हे का चालतंय? कोणालाच येईना. मग मला उठवलं. मलाही येईना, ते तर लिहूनच ठेवलं होतं ना.

लूपात अडकलेला
शुद्धलेखन सुधारलं =)) तो आता टेस्टिंगमध्ये असणार.

अर्धविराम
बँकेत आहे.

पाचपंचावन्न
पायथन. दोन आकड्यांची बेरीज. 5 आणि 5 दिले, आले 55. दादाला दाखवलं, तो खुर्चीवरून पडायचा बाकी होता. इनपुट अक्षरं म्हणून येतं, आकडा करून घ्यावा लागतो, हे हसता हसता सांगितलंही त्याने. पण पुन्हा त्याला काही विचारलं नाही. बाळ उठलं, बाकी नंतर.

लॅबवाला
मी टेबलाच्या पलीकडून लिहितो. रोजचा संवाद:
"सर, एरर आली."
"काय लिहिलंय?"
"बंद केली."
एरर मोठ्याने वाचायला लावतो, निम्म्यांचं तिथेच सुटतं. उरलेले म्हणतात, सर 14 वी ओळ तर बरोबर आहे. असतेच! वाक्य संपवणारा सेमीकोलन 13 व्या ओळीत लिहायचा राहिलेला असतो. पुढचा शब्द जुळेनासा झाला की मगच कंपायलर (कोड मशीनच्या भाषेत नेणारा प्रोग्रॅम) ओरडतो.
हल्ली चॅटबॉटकडून तयार कोड येतो. चालतोही. पाचऐवजी दहा आकडे घे म्हटलं की हात थांबतात. पण सरसकट नावं ठेवणार नाही. एका मुलीने बॉटला बजावून ठेवलं होतं, "उत्तर सांगायचं नाही, फक्त मला प्रश्न विचार." मला हे सुचलं नसतं.

रिकामी ओळ
म्हणजे धागाकर्त्यांचा सीनियरच की तो.

बदक
एका प्रश्नोत्तरांच्या साइटवर जीव मुठीत धरून प्रश्न टाकला. "आधी विचारलेला आहे" म्हणून काही मिनिटांत बंद. दोन दिवस रुसून बसलो. मग ती लिंक उघडली, उत्तर तिथेच होतं. आता आधी सगळा प्रश्न सविस्तर टाइप करतो: काय हवंय, काय येतंय, काय करून पाहिलं. बऱ्याचदा तिसऱ्या वाक्यातच चूक दिसते आणि मुकाट्याने खोडून टाकतो. चूक सापडावी म्हणून रबरी बदकाला कोड समजावणारे लोक वेडे नसतात.

तेरावा
म्हणून हा आयडी होय!

जुनी फ्लॉपी
वाचून झालं नाही सगळं, पण टर्बो सी निघालंच आहे तर, प्रोग्रॅमची सुरुवात जुन्या पद्धतीने व्हॉइड मेन अशी लिहिणारे अजून कोण? नव्या कंपायलरला टर्बो सीमधल्या फाइलचं नाव, कोनिओ डॉट एच, दिलं तर म्हणाला, अशी फाइलच नाही. तिच्यातल्या क्लिअरस्क्रीनशिवाय प्रोग्रॅम सुरू केल्यासारखाच वाटत नाही मला.

लॅबवाला
काका, इंट मेन. कृपया.

जुनी फ्लॉपी
जमणार नाही.

धागाकर्ता
भाचीचं सुटलं. तिच्या प्रोग्रॅममध्ये सगळ्यांनाच ए ग्रेड मिळत होती. इफमध्ये == ऐवजी एकच =. फोटोत ती ओळ नेमकी चकाकीत. सीनियरसारखं विचारून पाहिलं, "तुलना करतेयस की किंमत देतेयस?" दहा मिनिटं गप्प. मग अंगठा.

आत्ता पुन्हा फोटो आलाय. या वेळी उलटा.